पहिला पोस्ट-रॉक अल्बम देवगडच्या चिरेबंदी घरात रेकॉर्ड करायचाय: महिना, खोली, क्रम?

कातळसडा

नमस्कार मंडळी,

चौघांचा पोस्ट-रॉक बँड (गाण्याऐवजी वाद्यांच्या हळूहळू चढत जाणाऱ्या थरांवर उभा रॉक). दोन गिटार, बेस, ड्रम्स, गायन नाही. पहिला अल्बम स्टुडिओत न जाता देवगड तालुक्यातल्या एका जुन्या घरात करायचा विचार आहे. सहा ट्रॅक, एकूण ४५ मिनिटं ५० सेकंद. क्रम सध्या असा: ९:४०, ६:१०, २:००, १४:२०, ५:३०, ८:१०. यातले ९:४०, १४:२० आणि ८:१० हळूहळू चढत जाऊन शेवटी फुटणारे. ६:१० मध्ये पायपेटीचा एकच सूर धरलेला आहे, ५:३० मध्ये गिटारवर चेलोचा गज, आणि २:०० म्हणजे नुसता समुद्र.

खोली: माजघर, १८ बाय १२ फूट, वर ९ फुटांवर लाकडी तक्तपोशी. भिंती जांभ्याच्या, आतून गिलावा नाही. पुढे पडवी, तिच्यावर थेट कौलं. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर, दोन बाजूंना हापूसच्या बागा.

सामान: ८ इनपुटचा इंटरफेस, चार डायनॅमिक माइक, बारीक कंडेन्सरची जोडी, एक मोठा कंडेन्सर, दोन डीआय बॉक्स (वाद्य माइकशिवाय थेट इंटरफेसला जोडायला), लॅपटॉप. घरात इन्व्हर्टर आहे.

विचारायचं ते हे. कोणता महिना धरावा? ड्रम्स आणि गिटार एकत्र घ्यावेत की वेगळे? डेमोमध्ये चढ छान वाटतो, पण फुटण्याची जागा आली की आवाज उलट लहान झाल्यासारखा वाटतो, ते का? आणि पुढेमागे तबकडी काढायची झाली तर आत्तापासून काय बघावं?

"याला पोस्ट-रॉक म्हणावं का" ही चर्चा कृपया नको.

---

चिरेखाण

महिना: डिसेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर. बाकीचे महिने एकेक करून बाद होतात. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते (१ जून ते ३१ जुलै), म्हणजे ट्रॉलरची धडधड नाही, पण त्याच दोन महिन्यांत कौलांवर पाऊस आणि रात्रभर बेडूक. भाद्रपदात गणपती, फाल्गुनात शिमगा, आणि मे महिन्यात दिवसभर रातकिड्यांच्या भावंडांचा जो एकसुरी चर्र आवाज चालतो तो कुठल्याही फिल्टरने निघत नाही, कारण तो झांजांच्याच पट्टीत बसतो.

डिसेंबर-जानेवारीतही एक अडचण आहे आणि तुमच्याकडे ती दोन्ही बाजूंना आहे: मोहोराची फवारणी. पेट्रोलच्या पंपाचा आवाज बागेतून सरळ माजघरात येतो. फवारणी सकाळी सुरू होऊन ऊन चढेपर्यंत चालते. बागवाल्यांना आठवडाभर आधी विचारून त्यांच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा. मोठ्या आवाजाचे भाग दुपारी ३ ते ७, नाजूक भाग रात्री ११ नंतर. डिस्टॉर्शनमध्ये पंप ऐकू येत नाही. गजाच्या सुराखाली मात्र कुणी अंगणात चूळ भरली तरी ऐकू येते.

खोली. जांभ्याच्या भोकाभोकांच्या भिंतीवर वरच्या पट्टीचा आवाज विस्कटतो, त्यामुळे गिलावा नाही ही चांगलीच गोष्ट. ऑइलपेंट मारलेल्या भिंतीत टाळी वाजवली की जो 'टर्रर' येतो तो इथे येणार नाही. त्रास खालच्या पट्टीचा आहे. समांतर भिंतींमधली घुमण्याची कंप्रता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट. १८ फुटांना साधारण ३१ हर्ट्झ, १२ फुटांना ४७, ९ फुटांच्या उंचीला ६३. यातली ४७ तुमच्या मुळावर येणार, कारण बेसचा खालचा एफ शार्प ४६ हर्ट्झच्या आसपास आहे. तो एक सूर फुगेल, बाजूचे सूर बारीक वाटतील, आणि मिक्स करणारा उगाच बेसवादकाच्या बोटांना दोष देईल. बेस डीआयनेच घ्या. ऐकताना डोकं खोलीच्या मधोमध नको. १८ फुटांच्या बाजूने सुमारे ७ फुटांवर बसा.

कोपऱ्यांत काय भरायचं? रॉकवूल मिळालं तर ४८ किलो घनतेच्या ५० मिलिमीटर पट्ट्या दुहेरी करून कापडात शिवून घ्या. नाही मिळालं तर कापसाच्या जुन्या गाद्या, ४ इंची, भिंतीपासून वीतभर पुढे उभ्या करा. मागची ती पोकळी महत्त्वाची, गादी भिंतीला चिकटवली की परिणाम निम्मा. काथ्याची गादीही चालते. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यांना वजनच नसतं. आणि भाताचा पेंढा कितीही हाताशी असला तरी खोलीत आणू नका: किडे, बुरशी, आणि शेजारी तापलेला व्हॉल्व्ह अॅम्प.

वीज. वायरमनला बोलवायच्या आधी मल्टिमीटरने तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ १७०-१८० दाखवत असेल तर अर्थिंग नावापुरतं आहे. कातळात खड्डा उथळ राहतो आणि दिवाळीनंतर कोरडा पडतो, म्हणून मीठ-कोळशाचा खड्डा असूनही अर्थ मिळत नाही. रोज बादलीभर पाणी ओतून पुन्हा मोजा, फरक दिसेल. गुणगुण जावी म्हणून अॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढणारे लोक अजून आहेत. ते कधीही करू नका; डीआयवर 'लिफ्ट' बटण असतं ते त्यासाठीच.

इन्व्हर्टर 'स्क्वेअर वेव्ह' असेल तर रेकॉर्डिंग त्याच्यावर करू नका, सिंगल कॉइल पिकअपमध्ये खरखर येतेच. प्युअर साइन वेव्ह यूपीएस घ्या. १ केव्हीएचा यूपीएस बहुधा ६०० वॉटचा असतो; ३० वॉटचा व्हॉल्व्ह अॅम्प दीडशेच्या आसपास ओढतो, म्हणजे दोन अॅम्प, इंटरफेस आणि लॅपटॉप बसतात. नाजूक टेकच्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढा. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

दमट हवा. कंडेन्सर माइकला ८५-९० टक्क्यांच्या वर फुटाण्यासारखे आवाज येऊ लागतात, कारण कॅप्सूलच्या इन्सुलेशनवर ओलीची गळती होते. माइक बिघडलेला नसतो, ओला असतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढून फँटम पॉवर (इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज) देऊन ठेवा. निळी जेल गुलाबी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास सुकवा. तव्यावर केली तर तो तवा पुन्हा भाकरीला नाही. निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

---

पंखाबंद

वरच्या प्रतिसादाला +१. एवढीच भर: छताचा पंखा. टेक चालू असताना बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. पण टेक संपला की सगळे आधी पंखा लावतात, तारा गार होतात, पुढचा टेक दोन सेंटने चढा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पंखा लावलात तर पुन्हा ट्यून करा, प्रत्येक वेळी. आणि फ्रिजची वायर काढली असेल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा लावायचं राहणार नाही.

---

व्हयम्हाराजा

एकत्र की वेगळे? ड्रम्स, बेस आणि एक गिटार एकत्र. दुसरी गिटार, पेटी, गज नंतर. या संगीतात चढ हा चौघांनी एकमेकांकडे बघत घेतलेला असतो, तुकड्यांत तो येत नाही. गिटारचे अॅम्प मागच्या खोलीत, दार बंद, वादक माजघरात हेडफोन लावून.

ड्रम्सना चार माइक पुरे. किक, स्नेअर, आणि बारीक कंडेन्सरची जोडी वर (ओव्हरहेड). जोडीतले दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून नेमक्या सारख्या अंतरावर हवेत. टेप नको, सुतळी घ्या: एक टोक स्नेअरवर बोटाने दाबून धरा, दुसरं टोक एका माइकला टेकवा, गाठ मारा, तीच गाठ दुसऱ्याला टेकवा. यात वीतभर चूक झाली की स्नेअर एका कानाकडे सरकतो आणि पोकळ वाजतो. पाचवा, तुमचा मोठा कंडेन्सर, पडवीत, दार उघडं. ड्रम्सपासून ५ मीटरवर आवाज साधारण १४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. फुटण्याच्या जागी हाच ट्रॅक वर आणायचा, एरवी बंद. असा रिव्हर्ब विकत मिळत नाही. उरले तीन इनपुट: बेस डीआय, गिटार अॅम्प, गिटार डीआय. आठ झाले.

नाजूक भागात बेस वाजला की स्नेअरच्या खालच्या तारा आपोआप थरथरतात. शांत गिटारखाली 'झर्र' येतं आणि मिक्सपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. लिव्हर पाडून तारा सैल करा, आणि परत लावायचा 'खट्' आवाज टॉमच्या रोलमध्ये लपवा.

गिटारचा डिले (प्रतिध्वनीसारखा परत परत येणारा सूर) हा वादनाचाच भाग आहे, तो ओलाच, म्हणजे डिलेसकट, रेकॉर्ड करा. सोबत डीआयवर कोरडा ट्रॅक ठेवा, अॅम्पचा आवाज चुकला तर तो पुन्हा अॅम्पमधून काढता येतो. डिलेचा वेळ: ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला ठोके). ७२ च्या लयीला एक ठोका (क्वार्टर नोट) ८३३ मिलिसेकंद, आणि डॉटेड आठवा, म्हणजे पाऊण ठोका, ६२५. कानाने जुळवलेला ६१० असला की चार आवर्तनांत चिखल होतो. डिजिटल डिले-रिव्हर्बचे पेडल ३०० मिलिअँपिअरपर्यंत मागतात. एकाच अॅडॉप्टरवर साखळी करून लावले तर बारीक शिट्टी येते. प्रत्येकाला स्वतंत्र आयसोलेटेड आउटपुट द्या.

क्लिक (हेडफोनमधला लयीचा ठोका). लावा, पण सपाट नको. चढात माणूस धावतोच. १४:२० चा ट्रॅक ७० ला सुरू होऊन ७४-७५ ला पोचणारा टेम्पो मॅप आधी बसवा. आधी क्लिकशिवाय एकदा वाजवून लय कुठे कुठे वाढते ते मोजा आणि तोच मॅप करा. डबलबारीत (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात) भजनी बुवा गजर चढवतात तेव्हा लय किती वाढली ते कुणी सांगू शकत नाही, पण वाढलेली असते. तसं.

आता मुख्य दुखणं: फुटताना आवाज लहान का होतो. कारण बहुतेक वेळा मिक्समध्ये नसतं, मांडणीत असतं.

एक, चढाच्या मध्यावरच सगळं वापरून संपलेलं असतं. सहाव्या मिनिटाला दोन्ही गिटार, बेस, झांजा चालू असतील तर नवव्या मिनिटाला वाढवायला काय उरतं? फुटण्याच्या आधी चार किंवा आठ बार बेस पूर्ण काढून टाका. तो परत येतो तेव्हा खोली मोठी झाल्यासारखी वाटते, आणि मीटरवर फक्त दोन-तीन डेसिबल वाढलेले असतात.

दोन, दोन्ही गिटार एकाच सप्तकात. दुसरी एक सप्तक वर न्या, वरच्या दोन तारांवर ट्रेमोलो. जाड पिक, १ मिलिमीटर किंवा वर. दोन्ही गिटारचं १०० हर्ट्झच्या खालचं कापा, ती जागा बेस आणि किकची.

तीन, झांजा. ड्रमर जोशात क्रॅश फोडतो आणि त्या पांढऱ्या आवाजाखाली डिलेच्या सगळ्या शेपट्या बुडतात. झांज हलकी, टॉम जोरात. सांगायला सोपं आहे, करायला आठवडाभराचा सराव लागतो. ड्रमरला त्याचा ओव्हरहेडचा ट्रॅक एकटा ऐकवा, मग वाद होत नाही.

चार, मास्टर बसवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात त्या शेवटच्या वाटेवर) पहिल्या दिवसापासून लिमिटर. तो शांत भाग वर ओढतो आणि मोठा भाग दाबतो, म्हणजे तुम्ही दहा मिनिटं चढलेली घाटी सपाट करतो. काढा. रेकॉर्डिंगची पातळी सरासरी −१८ आणि टोकं −१० ते −६ डीबीएफएस (यात शून्य ही कमाल). २४ बिटमध्ये यापेक्षा वर जायची गरज नाही. शांत भाग फेडरने २-३ डेसिबल खाली ठेवा.

गाऱ्हाण्यात (देवापुढे गावातर्फे केलेल्या मागणीत) गावकर किती हळू बोलतो बघा. म्हणून तर सगळ्यांचा 'व्हय म्हाराजा' मोठा वाटतो.

गजाबद्दल: गिटारचा फ्रेटबोर्ड जवळपास सपाट असतो, त्यामुळे गज एकट्या तारेवर फक्त कडेला चालतो, पहिल्या आणि सहाव्या. त्या दोन तारा ट्रॅकच्या मूळ सुरात आणि पाचव्यात लावून घ्या. राळ भरपूर लागते आणि तिची पूड पिकअपवर बसते. त्या तारांवर मग साधं वाजवू नका, बदला.

पायपेटी: पेटी ट्यून करायला जाऊ नका, गिटार तिच्याशी जुळवा. पेटी १० सेंट चढी असेल तर ट्यूनरचा संदर्भ ४४० ऐवजी ४४२.५ करा, आणि हे त्या ट्रॅकपुरतंच. भात्याचा श्वास असू द्या, पायट्याची कुरकुर मात्र तेल घालून घालवा. माइक वरून, दीड-दोन फुटांवर.

फाइल: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चॅनेलला मिनिटाला ८.६४ एमबी. आठ चॅनेल, ४६ मिनिटं, चार टेक धरले तर साधारण १३ जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत, त्यातली एक घराबाहेर.

---

कातळसडा

जबरदस्त. लिमिटर पहिल्या दिवसापासून होता, कबूल. मांडणी पुन्हा बघतो. समुद्राचा ट्रॅक आणि तबकडी राहिली. तबकडीची एक बाजू किती मिनिटं? आणि 'स्ट्रीमिंगसाठी −१४ करा' (एलयूएफएस, म्हणजे सरासरी मोठेपणाचं माप) असं सगळीकडे वाचतो, तर ४५ मिनिटांचा अल्बम सगळा −१४ ला आणायचा का?

---

सातवीखाच

आधी तबकडी, कारण तिचा क्रमावर परिणाम होतो.

१२ इंची, ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला १८-२० मिनिटं आरामात. त्यापुढे खाचा जवळजवळ येतात, पातळी उतरवावी लागते, आणि शांत भागातला पृष्ठभागाचा चरचराट वर येतो. पोस्ट-रॉकसाठी हे वाईट, कारण शांत भाग भरपूर. तुमचं ४५:५० म्हणजे एका बाजूला २३ च्या आसपास. जमतं, पण दोन-तीन डेसिबल द्यावे लागतील.

त्याहून मोठी गोष्ट: फेऱ्या सारख्याच राहतात पण खाचेचा परीघ आत जाताना लहान होतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच जागेत झांजा आणि डिस्टॉर्शन कोंबलं की फाटतं. आणि आपल्याकडची सवय काय, बाजू संपताना सगळ्यात मोठा आवाज! नेमकी उलटी जागा.

तुमच्या आत्ताच्या क्रमात पहिले तीन १७:५० होतात आणि उरलेले तीन २८:००. दुसरी बाजू कापणारा हात जोडेल. तबकडीसाठी क्रम वेगळा करा:

पहिली बाजू: ९:४०, ८:१०, ५:३०. एकूण २३:२०.
दुसरी बाजू: १४:२०, ६:१०, २:००. एकूण २२:३०.

म्हणजे तिन्ही मोठे ट्रॅक बाहेरच्या खाचांवर आले, आणि आतल्या खाचांवर गज, पेटी आणि समुद्र. समुद्राने तबकडी संपणं वाईट नाहीच. डिजिटलवर तुमचा मूळ क्रम ठेवा, दोन्ही सारखे असावेत असा नियम नाही. तबकडीच्या मास्टरला १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करून द्या. बेसवरचा स्टिरिओ कोरस सुईला उचलून टाकतो. टेस्ट प्रेसिंग आलं की पहिले शेवटची तीन मिनिटं ऐका. कोकणात तबकड्या उभ्या ठेवा, प्लॅस्टिकच्या आतल्या पाकिटात. कागदी पाकिटाला पहिल्याच पावसात बुरशी येते.

−१४ बद्दल. ते ध्येय नाही, स्पॉटिफाय वाजवताना कुठे आणून ठेवतं तो आकडा आहे. ऍपल −१६ ला आणतं. अल्बम सलग वाजवला तर स्पॉटिफाय सगळ्या ट्रॅकना एकच वाढ-घट लावतं, म्हणजे शांत आणि मोठ्यातला फरक टिकतो. एकटा ट्रॅक प्लेलिस्टमध्ये गेला की तो स्वतंत्रपणे मोजला जातो; तुमचा दोन मिनिटांचा समुद्र तिथे फुगलेला ऐकू येईल, त्याला इलाज नाही. तेव्हा प्रत्येक ट्रॅक −१४ ला आणू नका. सर्वांत मोठी जागा कानाला बरी वाटेल तिथे ठेवा, ट्रू पीक (आवाजाचं खरं टोक) −१, आणि बाकीचा अल्बम तिच्या तुलनेत जिथे पडेल तिथे पडू द्या. पूर्ण अल्बमची सरासरी −१५ एलयूएफएस आली तर घाबरू नका.

ट्रॅक एकमेकांत मिसळत असतील तर पूर्ण अल्बम एकाच फाइलमध्ये मास्टर करा, मग कापा, फेड न देता. सीडी काढायची झाली तर ४४.१ वर ५८८ सॅम्पलच्या पटीत कापायचं; सीडीची एक फ्रेम तेवढी असते. नाहीतर सांध्यावर 'टक्'.

समुद्र. अर्ध्या किलोमीटरवरून येते ती नुसती गाज, तिच्यात लाट नसते. लाट हवी तर वाळूत जावं लागेल, पण पाण्याच्या कडेला नाही. खारा तुषार कॅप्सूलवर बसला की माइक कायमचा गेला. २५-३० मीटर मागे, माइक कमरेइतक्या उंचीवर, केसाळ विंडशील्ड, ८० हर्ट्झचा लो-कट. सुरूच्या बनात आडोसा छान मिळतो, पण वाऱ्यावर सुरू स्वतः समुद्रासारखाच वाजतो आणि दोन्ही मिसळले की काहीच कळत नाही. पहाटे मतलई वारा असतो, तो जमिनीकडून येतो, म्हणून माइकला पाठीमागून आडोसा द्या.

भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट: चतुर्थीला ३ वाजता पूर्ण भरती, अष्टमीला ६ वाजता. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. भरतीच्या लाटेचा आवाज जवळचा आणि जड, ओहोटीचा पसरट आणि फेसाळ. पेटीच्या मागे लावायचा असेल तर ओहोटीचा घ्या, तो खालच्या पट्टीत कमी येतो.

---

करारनामा

कागदाचं थोडक्यात.

वाजवायच्या आधी चौघांनी एका कागदावर लिहा: रचनेत कुणाचा किती वाटा, आणि रेकॉर्डिंगचा निर्माता कोण. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो; तो मुद्रणाचा पहिला मालक, आणि हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. खर्च एकट्याने केला आणि कागद नाही, तर पुढे भांडण ठरलेलं. रचनाकार म्हणून आयपीआरएसचं (रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या, तिथे व्यक्ती सभासद होते, बँड नाही.

गाऱ्हाणं, दशावतारातला संवाद असं काही मध्ये वापरायचा मोह होईल. परंपरागत शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण ज्याच्या आवाजात घेतलं त्या सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं असतो. लेखी संमती घ्या, आणि ती वाचून दाखवून घ्या. यूट्यूबवरून उचललेला तुकडा तर मुळीच नको.

आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख कोड) प्रत्येक ट्रॅकला वेगळा, १२ अक्षरांचा. वितरक (ट्रॅक स्ट्रीमिंगवर पोचवणारा) फुकट देतो. हवा असेल तर भारतात आयएमआयकडून (संगीत कंपन्यांची संघटना) स्वतःचा नोंदणी कोड मिळतो. वितरक बदललात तरी जुनाच कोड द्या, नाहीतर वाजवल्याचे आकडे शून्यावर.

प्रकाशनाच्या चार आठवडे आधी अपलोड. स्पॉटिफायच्या संपादकांना एकच ट्रॅक सुचवता येतो, किमान सात दिवस आधी. १४:२० चा सुचवू नका. ३० सेकंद ऐकलं की एक वाजवणं मोजलं जातं, मग ट्रॅक दोन मिनिटांचा असो की चौदा. आणि मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा वाजल्याशिवाय त्या ट्रॅकचे पैसेच सुरू होत नाहीत. म्हणून १४:२० चे तीन तुकडे करून टाकणारे बँड आहेत. मला ते पटत नाही, पण गणित असं आहे.

---

चिरेखाण

तिथीच्या पाऊणपटीत एक दुरुस्ती: तिथी पक्षातलीच मोजायची, शुद्ध असो वा वद्य. वद्य चतुर्थीला एकोणीस धरून कुणी १४:१५ काढेल. आणि उत्तर दिवसातून दोनदा लागू, पहाटे ३ आणि दुपारी ३. अर्धा तास इकडेतिकडे होतंच.

रात्री ११ नंतर समुद्र घ्यायचा तर अष्टमी गाठा. भरती संध्याकाळी ६ ला, म्हणजे मध्यरात्री पूर्ण ओहोटी. वारा पडलेला, आणि होड्या अजून निघालेल्या नसतात.